कुलपाचा मालक

माझा धाकटा दीर सणसवाडीच्या एका कंपनीत आहे. परवा कंपनीनं त्याला नवा लॅपटॉप दिला, तो घेऊन तो आमच्याकडे दौंडला आला आणि जेवणं होईपर्यंत त्याचे गुण गात बसला. म्हणाला, "वहिनी, ह्याच्यात सुरक्षेची वेगळी चिप बसवलीय. चोरानं नेला तरी फुकट. मालकाशिवाय कुणाला उघडताच येत नाही." मी विचारलं, "मालक कोण, हे त्या चिपला कोण सांगतं?" तो हसला. वहिनीचं वय झालं असं त्याला वाटलं असणार. मी त्याला भात वाढला, पण शमुवेल मास्तर डोक्यात आले ते दिवसभर गेले नाहीत.

दौंडला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझा टायपिंगचा क्लास होता आणि भिंतीला भिंत लावून मास्तरांचा छापखाना. शिरूरला मिशनच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवून ते निवृत्त झाले आणि मेव्हण्याचा बंद पडत आलेला छापखाना चालवायला बायकोसकट दौंडला आले. उंच, खांद्यात वाकलेले, पांढरा सदरा आणि त्याच्या उजव्या बाहीला कायमची शाई. मराठी शुद्धलेखनाच्या बाबतीत माणूस कसाई. बोलायचे मात्र आपलं गावाकडचं. मी एकदा छेडलं तर म्हणाले, "लिव्हायची भाषा समद्यांची असती बाई, तिच्यात चूक चालत न्हाई. बोलायची माझ्या आईची हाय. तिच्यात कोन चूक काडनार?"

प्रूफ ते मोठ्यानं वाचत, आणि उलटं. शेवटच्या शब्दापासून पहिल्याकडे. "सुलटं वाचलं की मन फसवतंय. जे असायला पायजे ते वाचतंय, जे हाय ते न्हाई." त्यामुळे माझ्या क्लासात भिंतीपलीकडून दिवसभर 'विनंती आग्रहाची ही यावे अगत्य सहकुटुंब' असं ऐकू येई आणि माझ्या मुली टायपिंगमध्ये नको त्या चुका करत. मी तापट बाई, तरातरा भांडायला गेले. मास्तरांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "तुमच्या मशिनींचा कडकडाट मी रोज ऐकतोय. मी कवा काय म्हनलो का?" मी तिथंच स्टुलावर बसले. मग कोंडिबानं चहा आणला.

कोंडिबा त्यांचा मशीनवाला. त्याच्या आज्यापणज्यांची मेंढरं होती, बापानं ती विकून शेती धरली आणि कोंडिबानं शेती भावाला देऊन छापखाना धरला. पायानं चालवायचं ते जुनं मशीन तो असं चालवी की मास्तर म्हणत, "ह्यानं मेंढरं हाकायची सोडली आन् कागद हाकाया लागला." दर खंडेनवमीला तो सगळी यंत्रं पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून त्यांची पूजा करी. मास्तर ख्रिस्ती, रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, पहिल्या बाकावर बसणारे. पहिल्या वर्षी कोंडिबानं घाबरत विचारलं होतं, "मास्तर, तुमच्या येशूला चालंल का?" मास्तर म्हणाले, "येशू सुताराचा पोरगा व्हता. हत्याराचा मान त्याला खटकायचा न्हाई. मला फकस्त हात जोडाय सांगू नगंस." त्या दिवशी ते बाहेर बाकावर बसून राहायचे आणि पूजा झाल्यावर पेढा मात्र पहिला घ्यायचे.

त्यांच्या हट्टीपणाची एकच गोष्ट सांगते. एका पुढाऱ्याच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका होती. मजकुरात 'आशिर्वाद' ऱ्हस्व. मास्तरांनी दीर्घ छापला. पुढाऱ्याचा माणूस येऊन म्हणाला, साहेबांनी लिहिलं तसंच पाहिजे. मास्तर म्हणाले, "साहेबांना म्हनावं, ऱ्हस्व आशीर्वाद लवकर सपतोय. पोराच्या लग्नात तरी दीर्घ द्या." तो माणूस हे तसंच्या तसं सांगायला गेला. आम्ही सगळे धास्तावलो. पण पुढाऱ्याला हसू आलं म्हणे, आणि पत्रिका दीर्घच वाटल्या गेल्या.

आता मास्तरांच्या बायको, एस्तेरबाई. त्या मूळच्या निमोण्याच्या. तरुणपणी मिशनकडून गावोगाव जाऊन बायकांना शास्त्रातल्या गोष्टी सांगायच्या. ह्या गोष्टी त्यांनी ओव्यांत बसवल्या होत्या, कारण जात्यावर बसलेल्या बाईला गोष्ट ऐकायला सवड नसते, ओवी मात्र ती दळता दळता ऐकते. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, कपाळ मोकळं आणि आवाज असा की माझ्या क्लासातली मशिनं आपोआप थांबत.

पहिली माझी ववी गं, गव्हाणीच्या गवताला,
ऊब दिली त्यानं बाई, देवाच्या लेकराला.

हात फिरल्याशिवाय त्यांना ओवी आठवत नसे. म्हणून त्या टेबलावर तळवा गोल गोल फिरवत आणि मगच सुरू करत.

ह्या ओव्यांचं पुस्तक करायचं हे मास्तरांचं एकच वेड होतं. त्यासाठी त्यांनी संगणक घेतला आणि माझ्याकडे येऊन, माझ्या पोरींच्या रांगेत बसून टायपिंग शिकले. मराठी छपाईचं सॉफ्टवेअर तेव्हा आमच्या बाजारात सगळ्यांकडे होतं आणि सगळ्यांकडे फुकटचं. वरवंडचा विलास ते आणून घालून द्यायचा. अस्सल सॉफ्टवेअरबरोबर कंपनी काड्यापेटीएवढा एक डबा द्यायची. तो संगणकाच्या पाठीमागे लावायचा, त्याच्याशिवाय सॉफ्टवेअर चालायचं नाही. त्याला सगळे 'लॉक' म्हणत. विलासनं त्या लॉकची गरजच काढून टाकली होती. तो मास्तरांना म्हणाला, "मास्तर, तुम्हाला तसंच घालून देतो, काय द्यायचं न्हाई." मास्तर म्हणाले, "दुसऱ्याच्या कष्टाचं चोरायचं आन् त्याच्यावर देवाचं गानं छापायचं? जमायचं न्हाई रं." पुण्याला जाऊन त्यांनी अस्सल आणलं. सगळा बाजार त्यांना हसला. मीही हसले. त्यांनी त्या लॉकचं मराठी केलं, कुलूप. रोज दुपारी ते कुलूप बसवून संगणकापुढे बसत, शेजारी एस्तेरबाई स्टुलावर. त्या गात, हे टाइप करत. आधी कागदावर लिहिणं मास्तरांना मान्य नव्हतं. "एकच पीठ दोनदा कशाला दळायचं?"

ह्याच सुमारास पाळकसाहेबांना, म्हणजे मास्तरांच्या देवळाच्या धर्मगुरूंना, नाताळच्या उपासनेसाठी ओव्या हव्या होत्या. मास्तरांनी आनंदानं थोड्या दिल्या. उपासनेत मंडळी गायला लागली तर पहिल्या ओवीत 'गव्हाणीच्या गवताला' नव्हतंच. पाळकसाहेबांनी तिथं 'ख्रिस्त राजाधिराजाला' करून टाकलं होतं. एस्तेरबाई घरी येऊन जेवल्या नाहीत. मला म्हणाल्या, "राजाला तर समदेच गात्यात बाय. गवताला कोन गानार?"

मास्तरांच्या मनात ते खोल गेलं. त्यांना भीती बसली की आपल्यामागं कोणीही उठेल आणि एस्तेरच्या तोंडचे शब्द बदलेल. आणि त्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय होती, फाइल सुरक्षित करण्याची. बटण दाबलं की पडद्यावर इंग्रजीत ओळ यायची. मास्तरांनी मला भिंतीवर थाप मारून बोलावलं. मी वाचून दाखवलं, ही फाइल ह्यापुढे फक्त मालकालाच उघडता येईल, मान्य आहे का?

"मालक म्हंजी मीच की," मास्तर म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं. मीही मान डोलावली. तुम्हीही डोलावली असती.

पावसाळ्याभर दुपारी काम चाललं. पुस्तक संपत आलं होतं. दौंडला तेव्हा चांगला प्रिंटर नव्हता, पुस्तकाची पानं छपाईसाठी पुण्याला जाऊन काढून आणावी लागत. मी म्हटलं, निम्मी तरी काढून आणा. एस्तेरबाईच म्हणाल्या, "अर्धं दळान उतरवू नये." गणपती उठल्यानंतर एका सकाळी पाणी तापवता तापवता त्या न्हाणीतच कोसळल्या. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. मास्तर त्यांना घेऊन पुण्याच्या दवाखान्यात राहिले. डॉक्टर म्हणाले, ऐकू येतंय, समजतंय सगळं, फक्त तोंडाला शब्द येत नाही. मास्तरांनी तिथंच ठरवलं की पुस्तक छापायचं आणि तिच्या हातात ठेवायचं, तिला रोज वाचून दाखवायचं. तिचं सगळं बोलणं आपण वेळेत भरून ठेवलं ह्याचा त्यांना केवढा तरी आधार वाटत होता. मला फोनवर तेच सांगत होते.

खंडेनवमी आली तेव्हा मास्तर पुण्यातच होते. कोंडिबानं नेहमीसारखी यंत्रं पुसली. मग त्याला वाटलं, मास्तरांचा सगळा जीव ह्या काड्यापेटीएवढ्या कुलपात, औंदा बाय आजारी, तर ह्याची पूजा नीट व्हायला पाहिजे. त्याच्या घरी देव्हाऱ्यात खंडोबाचे चांदीचे टाक आहेत. सणाला ते ताम्हनात घेऊन दूधपाण्यानं न्हाऊ घालायचे, पुसायचे आणि परत जागेवर बसवायचे, ही त्याच्या घरची रीत. कुलूप टाकाएवढंच दिसायचं. कोंडिबानं ते काढलं, ताम्हनात ठेवलं, वरून दूध घातलं, पाणी घातलं, धोतराच्या सोग्यानं कोरडं केलं, हळदकुंकू लावलं आणि होतं तिथं बसवलं. नंतर त्यानं हात जोडून संगणकाचं बटण दाबलं. मी पेढा खायला दारात आलेच होते. कुलपातून बारीक चट्ट असा आवाज झाला आणि जळका वास आला.

मास्तर आले तेव्हा कोंडिबा मशीनच्या पायाशी बसून होता. "मास्तर, बाय बरी व्हावी म्हनून क्येलं वो," एवढंच म्हणत होता. मास्तरांनी कुलूप हातात घेतलं, कुंकू बोटानं पुसलं. त्यांना तेव्हा फारसं काही वाटलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. ते म्हणाले, "अरं कुलूपच हाय. दुसरं आनू." सगळं काम फ्लॉपींवर उतरवून ठेवलेलं होतं. मास्तर जपून वागणारे, त्यांनी एकाच्या जागी तीन-तीन प्रती केल्या होत्या.

पुण्याला मी त्यांच्याबरोबर गेले. कंपनीच्या ऑफिसात टाय लावलेला एक पोरगा होता, वागायला चांगला. पाणी दिलं, बसवलं, जळलेलं कुलूप पाहिलं.

"नवीन लॉक देतो ना सर. पण त्याचा नंबर वेगळा असणार. सॉफ्टवेअर चालेल. तुम्ही सिक्युअर केलेली फाइल मात्र उघडणार नाही, ती जुन्या नंबरलाच बांधलीय."

"मंग जुना नंबर नव्या कुलपात घाला."

"तसं आम्हालाही करता येत नाही सर. म्हणून तर ते सुरक्षित आहे."

"कुनापासून सुरक्षित?"

"चोरांपासून सर. तुमच्याच भल्यासाठी आहे ते."

मास्तरांनी पावती काढून टेबलावर ठेवली. "ह्याच्यावर माजं नाव हाय. गायलं माज्या बायकोनं, टाइप क्येलं म्या. मशीन माजं. मंग मालक कोन?"

पोरगा खरोखर अवघडला. म्हणाला, "सर, सिस्टीमला नाव कळत नाही. सिस्टीमच्या दृष्टीनं लॉक हाच मालक."

मी ताडकन उठले आणि त्या पोराला नाही नाही ते बोलले. ऑफिसातली माणसं गोळा झाली. मास्तरांनीच मला हाताला धरून बाहेर आणलं. म्हणाले, "त्याला कशाला बोलता? त्याच्या हातात बी किल्ली न्हाई." दौंडला परत येताना गाडीत ते खिडकीबाहेर बघत होते. पाटस गेल्यावर म्हणाले, "कोंडिबानं त्याला देव मानलं, आन् कंपनीनं मला चोर मानलं. मदल्यामदी एस्तेर मुकी झाली बाई." मला त्यांच्याकडे बघवेना.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते त्यांना किती जड गेलं असेल, हे मलाच माहीत. ते वरवंडला विलासकडे गेले. फ्लॉपी पुढे ठेवून म्हणाले, "चोरीचं तर चोरीचं. उघडून दे." विलास टिंगलखोर पोरगा, पण त्या दिवशी त्याच्या तोंडून टिंगल निघाली नाही. दुकानाचं शटर ओढून घेऊन तो त्या फायलींमागं लागला, मुंबईच्या दोस्तांना फोन केले. आणि एके दिवशी स्वतः छापखान्यात आला, उभाच राहिला.

"मास्तर, भाईरचं दार म्या फोडलं. पर आत पान न् पान गाठ मारून ठिवल्यालं हाय, आन् ती गाठ त्या जळल्याल्या नंबरानंच सुटती. लै डोकं लावलं."

"मंग तुज्या गिऱ्हाइकांचं कसं उघडतंय रं?"

विलास खाली बघायला लागला. "आमच्या फुकटच्या कॉपीत त्ये शिक्युअरचं बटन चालतच न्हाई, मास्तर. त्यामुळं त्यांच्या फायली कुटंबी उघडत्यात."

मास्तर हसले. मी भिंतीपलीकडून ऐकलं आणि मला वाटलं काम झालं. धावत गेले तर ते खुर्चीचा हात घट्ट धरून हसत होते आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं. "ऐकलं का बाई? म्या चोरी केली असती तर वाचलो असतो."

कोंडिबा कामावर येईना झाला, तर मास्तर त्याच्या वस्तीवर जाऊन त्याला घेऊन आले. "तू बायसाठीच केलंस, मला ठाव हाय," म्हणाले. तो आला, पण पुढच्या खंडेनवमीला त्यानं यंत्रांना हात लावला नाही. मास्तरांनीच पेढे आणले. ते कोणी खाल्ले नाहीत. छापखान्यातलं उलटं प्रूफ वाचणंही तोवर थांबलं होतं. माझ्या मुली आता शांतपणे टाइप करत आणि ती शांतता मला खायला उठायची. त्याच वर्षी छापखाना विकून मास्तर शिरूरला, मिशनच्या आवारातल्या जुन्या घरात राहायला गेले.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तिथं. टायपिंगच्या परीक्षेच्या कामाला शिरूरला गेले होते, तशीच त्यांच्याकडे गेले. दुपार होती, दार उघडं होतं. एस्तेरबाई खाटेवर टेकून बसल्या होत्या, फार वाळल्या होत्या. मास्तर त्यांच्या शेजारी खुर्चीवर, मांडीवर पाटी आणि पाटीवर कोरे कागद. आठवतील तशा ओव्या ते परत लिहून काढत होते. मला बघून त्यांना आनंद झाला. "येळेवर आलात. तुमी भिंतीपलीकडनं ऐकलंय समदं. ही बगा, बसतीया का?"

आणि ते म्हणायला लागले. चाल त्यांना कधीच आली नाही, नुसते शब्द.

मरिया बाळंतीण, शेजार ना पाजार,
कुंची शिवाया बाई, फाडला तिनं पदर.

"कुंची व्हती का दुपटं व्हतं?" त्यांनी मला विचारलं. मला पदर आठवत होता. पदर फाडतानाचा एस्तेरबाईंचा आवाज आठवत होता. कुंची की दुपटं, ते काही केल्या आठवेना. मी मान हलवली.

मास्तर खाटेकडे वळले. सगळं बोलणं गेलं होतं त्यातून एक शब्द एस्तेरबाईंकडे परत आला होता, असं त्यांनी मला दारातच सांगितलं होतं, आणि सांगताना चेहरा खुलला होता.

"एस्तेर, कुंची ना?"

"व्हय," एस्तेरबाई म्हणाल्या. आवाज घोगरा, पण स्पष्ट.

मास्तरांनी लिहिण्यासाठी पेन टेकवलं, तसा एस्तेरबाईंनी डावा हात खाटेवर जोरात आपटला.

"मंग दुपटं?"

"व्हय."

पुन्हा हात आपटला. त्यांना काहीतरी सांगायचं होतं. कदाचित कुंचीही नव्हती आणि दुपटंही नव्हतं, तिसराच शब्द होता. त्या मास्तरांच्या तोंडाकडे बघत होत्या, ओठ हलत होते, गळ्याची शीर ताठ झाली होती आणि गालावरून पाणी ओघळत होतं. मास्तर एकेक शब्द विचारत गेले. टोपडं, झबलं, अंगडं. दर वेळी खाटेवर हात आपटायचा आणि दर वेळी तेच उत्तर यायचं. शेवटी मला ते सहन झालं नाही, मी उठून एस्तेरबाईंच्या पायाशी जाऊन बसले आणि तो हात धरून ठेवला.

मास्तरांनी पेनाला टोपण लावलं. माझ्याकडे बघून, वर्गात एखाद्या ओळीचा अर्थ लागत नाही हे पोरांना सांगावं तितक्या साधेपणानं म्हणाले, "बाई, आता म्या काय बी चुकीचं लिव्हलं, तरी ही मला न्हाई म्हनायची न्हाई."

आणि खाटेवरून एस्तेरबाई म्हणाल्या, "व्हय."